पाचवं पिंप

आमच्या बाबांचं नाव साबातो, म्हणजे शनिवार.
इरपिनियाच्या डोंगरात असली नावं खपतात.
माणूस मात्र सोमवारासारखा,
कामाला जुंपलेला, कपाळावर आठी.

मळा चार हेक्टरांचा. थोडी पांढरी फियानो,
जिच्यापाशी मधमाश्या आमच्याआधी पोचतात.
बाकी सगळी काळी आलियानिको.
फियानो सप्टेंबर सरता सरता घरात येते.
आलियानिको येत नाही.
चेस्टनटची पानं झडून जातात,
शेजारी डुक्कर कापायचा दिवस ठरवू लागतात,
तरी ही आपली वेलीवरच, जाड सालीची,
दातांना चिकटून राहणारी तुरट.

तिच्या तोडणीला हात गारठतात, कात्री धरवत नाही.
आई दोन बोटांना चिंध्या बांधायची.
लोकांना वाटतं, द्राक्षं तोडताना बायका गातात.
आई मोजायची. टोपल्या.

ऐंशी साली तिच्या मोजणीनं एकशे बेचाळीस भरल्या.
मग तेवीस नोव्हेंबर. रविवार. संध्याकाळ.
जमीन दीड मिनिट हलली.
तेवढ्या वेळात फार तर
दोन बाटल्या भरून त्यांना बुचं लावून होतात.
वरचं घर खाली आलं.
खालचं तळघर, दगडात कोरलेलं, होतं तसं राहिलं.
आई वर होती.

चार पिंपं बाबांनी तंबूंतल्या माणसांना वाटली,
कच्चीच, अजून गढूळ.
बर्फ सुरू झाला होता. कुणी भाव विचारला नाही.
पाचवं ठेवलं.

पिंप स्वतः वाइन पितं. आमच्या धंद्यातला पहिला धडा हा.
थोडी लाकडात मुरते, थोडी हवा नेते,
जेवढी घटली तेवढी भरावीच लागते,
नाहीतर हाती व्हिनेगर.
बाबा दर मार्चला त्यात बारा लिटर ओतायचे:
एक्याऐंशीची, ब्याऐंशीची,
गारपिटीच्या साली तर शेजारच्या कार्मीनेकडून उसनी आणलेली.

एकदा हांबुर्गचा एक व्यापारी आला.
बाकीच्या वाइन्स चाखून थुंकला,
ही मात्र गिळली, आणि विचारलं, वर्ष कोणतं?
बाबा म्हणाले, "रविवार."
दुभाष्यानं पुन्हा विचारलं. बाबा शिडी उचलून निघून गेले.

आता बाबा नाहीत. मळा अमातो बघतो, माझा धाकटा भाऊ.
माझ्याकडे लेबलं, बिलं,
आणि पाहुण्यांना सांगणं, की पायरी निसरडी आहे.
गेल्या महिन्यात पाचव्या पिंपाची फळी पाझरली.
अमातो म्हणाला, बाटल्यांत भरून टाकू, साडेसहाशे होतील.
वर्ष छापता येणार नाही, पण गोष्ट छापता येईल.
गोष्ट!
दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.
तिसऱ्या दिवशी आठवलं, की त्याला आई आठवत नाही,
तो तेव्हा तीन वर्षांचा.

त्याची ओर्नेला वाइनचं शास्त्र शिकून आली आहे.
रात्री पावाच्या कागदी पिशवीवर आकडे मांडत बसली:
पाचशे लिटर, वर्षाला बारा, चव्वेचाळीस वर्षं.
"आत्या, अजून तिसरा हिस्सा तीच आहे."
"कुठला तिसरा हिस्सा?" अमातोनं विचारलं. थट्टेनं नव्हे.
"घोटाघोटातला," ती म्हणाली, आणि टेबलावरचा चुरा झटकला.

सकाळी पिंपवाल्याला फोन अमातोनंच केला.
फळी बसेपर्यंत वाइन स्टीलच्या टाकीत ठेवायची.
पंप नको म्हणाला, बादल्यांनी काढू.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्यावर ऊन पडलं.
कडेला विटेचा रंग, मध्ये काळीच.
तो भरत होता, मी नेत होते, मोजत होते.
एकोणतिसाव्या बादलीनंतर माझा आकडा चुकला.
मी तशीच उभी.
"तीस," अमातो म्हणाला, मान वर न करता.